घरी बांधलेल्या छोट्या विमानात कोणतं इंधन भरावं?

स्वतःच्या हाताने विमान बांधायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात आधी पंख येतात, मग इंजिन, मग रंग. इंधनाकडे लक्ष जातं ते थेट पहिल्यांदा इंजिन चालू करायच्या वेळी. तोवर टाक्या सील झालेल्या असतात, होसपाइप बसलेले असतात, इंजिनाचे पैसे भरून झालेले असतात. आणि मग कळतं की जवळच्या पंपावर मिळतं ते या टाकीला सोसत नाही, आणि सोसतं ते जिल्ह्यात कुठेच मिळत नाही. म्हणून पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : टाकीचा पहिला रिव्हेट ठोकण्याआधी इंधन ठरवा.

हा लेख एक-दोन आसनी, पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी आहे. अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली, तेव्हापासून आपल्याकडे या विषयाची विचारपूस वाढली आहे. परदेशात किट आणून गॅरेजमध्ये विमान जोडणारे मराठी लोकही आहेत. दोघांच्या अडचणी वेगळ्या, पण निर्णयाचा क्रम तोच.

पहिली पायरी : इंजिन बनवणाऱ्याने काय लिहिलंय ते वाचा

इंजिनाच्या कंपनीने ज्या इंधनांची यादी दिली आहे, तीच तुमची यादी. तिच्याबाहेरचं काहीही हँगरमधल्या कुणाच्या शब्दावर भरायचं नाही, मग तो कितीही अनुभवी असो. मूळ हस्तपुस्तिकेपेक्षा त्यानंतर निघालेली परिपत्रकं जास्त महत्त्वाची असतात, कारण बाजारातलं इंधन बदलतं तशी यादीही बदलत जाते. लायकमिंग आणि रोटॅक्स या छोट्या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या. लायकमिंगचं इंधनाबद्दलचं परिपत्रक १०७० क्रमांकाचं आहे. रोटॅक्सही आपल्या ९१२ मालिकेसाठी अशी परिपत्रकं काढतं. कंपनीच्या संकेतस्थळावरून सर्वांत नवी आवृत्ती उतरवून घ्या, छापा आणि विमानाच्या फायलीत लावा.

एकाच घराण्यातल्या दोन इंजिनांची मागणीही वेगळी असू शकते. ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ यूएल आणि १०० अश्वशक्तीचं ९१२ यूएलएस बाहेरून भावंडं दिसतात. पण पहिल्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, ९ ला १, दुसऱ्याचं सुमारे १०.८ ला १. ऑक्टेन म्हणजे अवेळी न भडकता दाब सोसायची पेट्रोलची ताकद. त्यामुळे पहिल्याला किमान ९० ऑक्टेन पुरतो, दुसऱ्याला किमान ९५ लागतो. लायकमिंग ओ-३२० चंही तसंच. १५० अश्वशक्तीचा नमुना ७ ला १ कॉम्प्रेशनचा, १६० अश्वशक्तीचा ८.५ ला १ चा. जुनं इंजिन विकत घेताना पाटीवरचं पूर्ण मॉडेल, शेवटच्या अक्षरापर्यंत, टिपून घ्या. आधीच्या मालकाने पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल, तर पाटीवरही विसंबू नका, लॉगबुक उघडून बघा.

दुसरी पायरी : ऑक्टेनचे आकडे एकाच मापात आणा

इथे नवखे लोक हमखास गोंधळतात. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत : रिसर्च आणि मोटर. मोटर पद्धतीत इंजिनाला जास्त ताण दिला जातो, म्हणून त्याच पेट्रोलचा मोटर आकडा कमी येतो. भारतात आणि युरोपात पंपावर रिसर्च आकडा लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणजे आपल्या मापातलं ९१ चं पेट्रोल अमेरिकी पंपावर साधारण ८७ म्हणून विकलं जाईल, आणि तिकडचं ९१ हे आपल्या ९५ च्या आसपास बसतं. अमेरिकी मित्राने ‘माझं यूएलएस ९१ वर छान चालतं’ असं सांगितलं, तर त्याचं खरंच आहे, पण आपल्या मापातल्या ९१ वर ते चालवायचं नाही.

ऑक्टेन कमी पडला की काय होतं? सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीपासून शिस्तीत पेटत जाण्याऐवजी उरलेला भाग एकदम भडकतो. गाडीत हे ठोके ऐकू येतात, आपण पाय सैल करतो. विमानात पंख्याच्या आणि एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूच येत नाहीत, आणि उड्डाणाच्या वेळी पूर्ण थ्रॉटलवर पाय सैल करायची सोयही नसते. पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला मग फार वेळ लागत नाही. उलट बाजूने, गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन भरल्याने ताकद वाढत नाही. ऑक्टेन ही सहनशक्ती आहे, गरजेपुरती असली की झालं.

तिसरी पायरी : इथेनॉलचा प्रश्न सोडवल्याशिवाय पंपाकडे वळू नका

भारतात बांधणाऱ्यासाठी सगळं गाडं इथेच अडतं. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि दोन-अडीच वर्षांत तेच देशभरातलं नेहमीचं पेट्रोल झालं. रोटॅक्स ९१२ मालिकेला इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे. लायकमिंग आपल्या नेहमीच्या विमान-इंजिनांना इथेनॉल अजिबात चालू देत नाही. म्हणजे ऑक्टेन जुळला तरी नेहमीचं पंपावरचं पेट्रोल दोन्हीकडे बाद. यावर माझं मत ठाम आहे : आज भारतात नवं विमान बांधत असाल तर पंपावरचं साधं पेट्रोल हा पर्याय कागदावरूनच खोडून टाका.

यामागची कारणं नीट समजून घ्या, म्हणजे ‘थोडं भरलं तर काय होतंय’ हा मोह होणार नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीतल्या हवेतला दमटपणा, पावसाळ्यात झाकणातून गेलेला थेंब, सगळं ते पोटात घेतं आणि पेट्रोल वरून स्वच्छच दिसतं. मग विमान वर जातं, टाकी थंड होते, आणि इथेनॉलची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी वाट तळाजवळच असते. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेलेलं असतं, म्हणून त्याचा ऑक्टेनही घसरलेला असतो.

दुसरं म्हणजे, लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र ठरलेलं. गाडीतला कॉम्प्युटर इंधन वाढवून मिश्रण सांभाळतो, साध्या कार्बोरेटरला ते कळत नाही. मिश्रण पातळ होतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि त्याच टाकीत विमान आधीपेक्षा कमी अंतर जातं. तिसरं कारण टाकीच्या साहित्याचं, त्याकडे पुढे येऊ.

‘आमच्या पंपावरचं प्रीमियम आहे, त्यात इथेनॉल नसतं’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. नावातला ९५, ९७ किंवा १०० हा आकडा ऑक्टेन सांगतो, इथेनॉल सांगत नाही. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यासह काही शहरांत मिळतं. अशा महागड्या पेट्रोलचा विचार करायचा असेल तर दर खेपेला, दर कॅनला चाचणी करा. चाचणी सोपी आहे.

काचेचा १०० मिलिचा उंच मोजपात्र घ्या. त्यात बरोबर १० मिलि पाणी ओता. पाण्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकलात तर रेघ स्पष्ट दिसेल. वरून १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, तोंड घट्ट बंद करून मिनिटभर हलवा, मधून मधून बूच किंचित सैल करून वाफ जाऊ द्या. मग सपाट जागी दहा मिनिटं ठेवा. रंगीत पाण्याची रेघ १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. ती १९ च्या आसपास चढली तर साधारण १० टक्के, आणि २८ च्या आसपास गेली तर २० टक्के. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलं म्हणून पाणी ‘वाढलं’. हे उघड्यावर करा, आसपास विडी-सिगारेट, स्टोव्ह, चालू मोटर काही नको, आणि वापरलेलं मिश्रण टाकीत परत ओतू नका.

हे बघितल्यावर काहींना सुचतं की पाणी मिसळून इथेनॉल असं धुऊनच काढावं आणि उरलेलं पेट्रोल वापरावं. कृपा करून करू नका. रिफायनरीत मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं ठेवून इथेनॉलने तो आकडा वर आणलेला असतो. इथेनॉल काढलं की हातात राहतं ते कमी ऑक्टेनचं, पाण्याचा अंश असलेलं, कुणाचीही हमी नसलेलं द्रव. त्यावर माणूस उडणार आहे.

चौथी पायरी : एव्हगॅस कुठून मिळेल ते बघा

एव्हगॅस म्हणजे विमानांचं खास पेट्रोल, आणि त्याचा नेहमीचा प्रकार शंभर एलएल (लो लेड, कमी शिशाचं). रंग फिकट निळा, मुद्दाम दिलेला, ओळखू यावं म्हणून. त्यात इथेनॉल नाही, उणे ५८ अंशांपर्यंत ते गोठत नाही, वाफ होण्याचं प्रमाण काटेकोर मर्यादेत असतं, आणि नीट साठवलं तर महिनोन्‌महिने गुण टिकतात. गाडीचं पेट्रोल काही आठवड्यांतच हलके अंश गमावतं आणि पुढे चिकट गोंद धरायला लागतं. दर महिन्याला दोन-तीन तास उडणाऱ्या हौशी माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. शिवाय एव्हगॅस रिफायनरीपासून तुमच्या झाकणापर्यंत कागदपत्रांसह येतं. पंपाच्या टँकरला विमानाची चिंता नसते.

भारतात एव्हगॅस पूर्वी बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला घेतलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हिंडनला त्याची सुरुवात झाली. आपल्याकडे त्याचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वैमानिक प्रशिक्षण संस्था. बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर अशा ठिकाणी सेसनासारखी प्रशिक्षणाची विमानं दिसतात. तुमचं विमान जिथे उभं राहणार, त्याच्या जवळ अशी संस्था आहे का, ती बाहेरच्या विमानाला इंधन देते का, किती दिवस आधी सांगावं लागतं, हे सगळं प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर ‘हो, मिळेल’ म्हणणं आणि रविवारी सकाळी ड्रम उघडून देणं यात बरंच अंतर असतं.

एव्हगॅसचा दोष त्यातलं शिसं. नाव ‘कमी शिशाचं’ असलं तरी लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. गाड्यांसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून बंद आहे, विमानांसाठीचं अजून चालू आहे, कारण जास्त कॉम्प्रेशनच्या मोठ्या इंजिनांना तेवढा ऑक्टेन दुसऱ्या मार्गाने देणं सोपं गेलेलं नाही. शिशाचे करडे कण स्पार्क प्लगमध्ये साचतात. रोटॅक्समध्ये इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असल्यामुळे तो गाळ गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. म्हणून वापराच्या ३० टक्क्यांहून जास्त वेळ शिशाचं इंधन असेल तर तेल दर २५ तासांनी बदला. हा खर्च आधीच हिशेबात धरा. हाताला लागलं तर साबणाने धुवा, एव्हगॅसने भाग पुसायची जुनी सवय मोडा.

माझा कौल विचाराल तर : भारतात, रोटॅक्स असो की लायकमिंग, एव्हगॅस धरूनच विमान आखा. महाग आहे, तेल लवकर बदलावं लागतं, तरी आज हाती असलेल्या पर्यायांत सर्वांत भरवशाचं तेच.

परदेशातल्या वाचकांना जास्त मोकळीक आहे. युरोपात बिनशिशाचं यूएल-९१ अनेक धावपट्ट्यांवर मिळतं आणि रोटॅक्सला ते उत्तम. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं, म्हणून तिथले बांधणारे ५ टक्केवाल्या सुपर पेट्रोलकडे वळतात. अमेरिकेत काही पंपांवर इथेनॉलविरहित पेट्रोल वेगळं मिळतं, आणि २०३० च्या अखेरीपर्यंत शिसं हद्दपार करायचं ध्येय ठरल्याने नवी बिनशिशाची इंधनं येत आहेत. नवं इंधन भरण्याआधी इंजिनाबरोबरच टाकीचं सीलंट, होसपाइप आणि रंग यांनाही ते चालतं का, हे किटच्या कंपनीला लेखी विचारा.

जेट इंधन, म्हणजे एटीएफ, जवळपास प्रत्येक विमानतळावर असतं. ते फक्त टर्बाइनला आणि त्यासाठीच बनवलेल्या डिझेल विमान-इंजिनांना. अशी डिझेल इंजिनं जड आणि महाग असल्याने दोन आसनी विमानात क्वचितच परवडतात. पेट्रोलच्या इंजिनात एटीएफ चुकून गेलं तर उड्डाणाच्या जोरावर इंजिन जातं. म्हणून कुणी दुसरा भरत असेल तेव्हा शेजारी उभे राहा.

पाचवी पायरी : आता टाकी आणि नळ्या ठरवा

अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत पॉलिसल्फाइड सीलंट वापरतात. एव्हगॅसला ते वर्षानुवर्षं टिकतं. फायबरग्लासच्या टाकीत जास्त सावध राहा. काही इपॉक्सी रेझिन इथेनॉलने मऊ पडतात, त्यांचा चिकट थर सुटतो आणि गाळणीत जाऊन बसतो. टाकी बांधायची असेल तर रेझिनच्या उत्पादकाकडून इंधनाबद्दलचं पत्रक मागवा, आणि तोच रेझिन लावलेला एक तुकडा बरणीत तुमच्या इंधनात बुडवून महिनाभर ठेवा. बाहेर काढून नखाने दाबा. नख उमटलं, कड फुगली, इंधनाचा रंग बदलला, तर तो रेझिन नको. ओ-रिंग आणि होसपाइपच्या तुकड्यांचीही अशीच परीक्षा घ्या. भविष्यात इथेनॉलशी गाठ पडेल असं वाटत असेल तर होसपाइप आताच त्याला टिकणारे बसवा, नंतर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या अग्निरोधक भिंतीच्या) मागे हात घालणं कठीण जातं.

सहावी पायरी : उन्हाळा लक्षात घेऊन इंधनाची वाट आखा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या विमानाच्या काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, त्याहून कितीतरी जास्त. इंजिन बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ही उष्णता नळ्यांत भिनते, पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला द्रवाऐवजी वाफ मिळते. विमान जमिनीवर ठीक चालतं, आणि धावपट्टीच्या टोकाला पोचता पोचता इंजिन श्वास सोडतं. गाडीच्या पेट्रोलची वाफ एव्हगॅसपेक्षा लवकर होते, म्हणून त्यावर उडणाऱ्यांना हा धोका जास्त. दमट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरायचा धोकाही त्याच कारणाने वाढतो.

उपाय बांधतानाच करायचे. विजेचा पंप टाकीच्या जितका जवळ आणि खाली तितका चांगला, म्हणजे तो इंधन ओढण्याऐवजी ढकलतो. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीला अग्निरोधक बाही घाला. टाकीकडे परत जाणारी बारीक नळी ठेवा, तिच्यातून वाफ निघून जाते.

मग प्रवाह मोजा. ही चाचणी कुणीही टाळू नये. अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए हिची हौशी बांधणाऱ्यांसाठीची शिफारस अशी : पंप असेल तर उड्डाणाच्या वेळी लागणाऱ्या इंधनाच्या १२५ टक्के, फक्त गुरुत्वाकर्षणावर असेल तर १५० टक्के प्रवाह मिळायला हवा. ९१२ यूएलएस पूर्ण जोरात तासाला सुमारे २७ लिटर पितं. म्हणजे पंपाने तासाला जवळपास ३४ लिटर, गुरुत्वाकर्षणाने ४० लिटरच्या वर. विमानाचं नाक चढाईच्या कोनात उचलून टेकवा, टाकीत अगदी थोडं इंधन ठेवा, कार्बोरेटरकडची नळी सोडून मोजपात्रात धरा, आणि घड्याळ लावून तीन मिनिटं भरू द्या. पंपवाल्या विमानात १.७ लिटर जमलं तर पुरेसं. मुख्य पंप बंद आणि मदतीचा चालू, मग उलट, असं दोन्ही प्रकारे करा.

सातवी पायरी : साठवण, ने-आण आणि रोजची तपासणी

घरी साठवायच्या आधी कायदा बघा. पेट्रोलियम कायद्यानुसार पेट्रोलच्या वर्गातलं इंधन विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. २०० लिटरचा ड्रम आणायचा तर परवाना हवा. तो विषय पेसो या केंद्रीय संस्थेकडे असतो आणि तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रम लपवून ठेवू नका, तुमच्यामुळे शेजाऱ्यांचा जीव धोक्यात येतो.

कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा. विमानात ओतण्याआधी कॅन, नरसाळं आणि विमानाचा धातू तारेने जोडा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही.

रोज पहिल्या उड्डाणाआधी, आणि दर वेळी इंधन भरल्यावर थोडं थांबून, प्रत्येक टाकीच्या तळातून आणि गाळणीच्या वाडग्यातून नमुना काढा. पारदर्शक नळी पांढऱ्या कागदासमोर धरा. एव्हगॅस फिकट निळं दिसलं पाहिजे. पाणी असेल तर तळाशी काचेच्या मण्यासारखा थेंब फिरताना दिसेल. नमुन्यात रंगच दिसला नाही, तर दोन शक्यता : एक तर दुसरं इंधन मिसळलंय, किंवा सगळी नळीच पाण्याने भरली आहे. शंका आली की एक थेंब कोऱ्या कागदावर सोडा. एव्हगॅस उडून जातं, एटीएफ असेल तर तेलकट डाग मागे राहतो. पाणी निघालं तर स्वच्छ नमुना येईपर्यंत काढत राहा, मधे पंख हलवा, शेपटी खाली दाबा, म्हणजे कोपऱ्यात लपलेलं पाणीही उताराला येतं.

शेवटचं काम झाकणाजवळ. ठरलेलं इंधन, किमान ऑक्टेन आणि टाकीत वापरता येणारे लिटर ठळक अक्षरांत प्रत्येक झाकणाशेजारी लिहा, इथेनॉल चालत नसेल तर तेही. लॉगबुकात दर वेळी तारीख, ठिकाण, लिटर आणि इंधनाचा प्रकार नोंदवा. लिटरवरून वजनही तिथेच काढून ठेवा : एव्हगॅस लिटरला सुमारे ०.७२ किलो, म्हणजे ७० लिटरची टाकी ५० किलोंची. उद्या इंधन बदलायची वेळ आली, तर पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा, नव्या इंधनावर जमिनीवर प्रवाह मोजा, पूर्ण थ्रॉटलवर तापमानं बघा, आणि पहिली काही उड्डाणं एकट्यानेच, धावपट्टीच्या माथ्यावरच करा.